पुढच्या वर्गाचं दार कोण उघडतं? अमेरिकी हायस्कुलांची शंभर वर्षांची गोष्ट



आजचा विषय आपल्या घरापासून तसा दूरचा आहे, अमेरिकेतल्या हायस्कुलांचा. पण इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो, बऱ्याच मराठी घरांतलं कोणीतरी आज न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात असतं. आणि तिकडून फोनवर एक तक्रार हमखास ऐकू येते. "मुलगी सहावीत आहे, गणितात चांगली आहे, तरी शाळेनं तिला साध्या गणिताच्या वर्गात टाकलंय." इकडे आजोबा म्हणतात, "अगं, सहावीच तर आहे! दहावीला बघू की." दहावीला बघता येत नाही, हीच तर मेख आहे.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचा असेल तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस हवं, दहावीत दुसरं बीजगणित, नववीत भूमिती आणि आठवीत पहिलं बीजगणित. सरसकट मुलं पहिलं बीजगणित नववीत घेतात. म्हणजे ज्याला आठवीत ते मिळालं नाही, त्याची गाडी एक स्टेशन मागे राहते, आणि ती भरून काढायला उन्हाळ्याच्या सुट्टीतला वर्ग किंवा एकाच वर्षात दोन गणितं असे आडमार्ग शोधावे लागतात. आठवीत बीजगणित मिळायचं तर सहावी-सातवीत वेगानं शिकवणारा वर्ग मिळायला हवा. तो कोणाला द्यायचा हे पाचवीच्या शेवटी ठरतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर जे दिसतं, ते दहा वर्षांच्या मुलाबद्दल कोणीतरी घेतलेल्या निर्णयाचं फळ असतं.

हा 'कोणीतरी' कोण? शिक्षक, परीक्षा, काउन्सेलर, आई-वडील की कायदा? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं. ती गोष्ट आज सांगतो.

सुरुवात १८९२पासून करू. तिथल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेनं दहा जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते हार्वर्ड विद्यापीठाचे प्रमुख चार्ल्स एलियट. हायस्कुलात काय शिकवावं, हा समितीपुढचा प्रश्न. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि त्यातली एक शिफारस आजही वाचणाऱ्याला थबकवते. शाळेत जो विषय शिकवला जाईल तो सगळ्या मुलांना एकाच पद्धतीनं आणि सारख्याच गांभीर्यानं शिकवावा. मूल पुढे कॉलेजात जाणार आहे की दुकानात बसणार आहे, हे बघून शिकवण्यात फरक करू नये.

उदात्त आहे ना? पण त्या वेळी अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांत सगळी मिळून जेमतेम २ लाख मुलं होती. १९२०पर्यंत ती २२ लाखांवर गेली आणि १९३०पर्यंत सुमारे ४४ लाख झाली. इटली, पोलंड, रशियातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं, शेतावरची मुलं, गिरणीतून सुटलेली मुलं, सगळी शाळेत आली. शाळांपुढे प्रश्न पडला की एवढ्या मुलांचं करायचं काय? आणि नेमक्या याच वेळी पॅरिसहून एक साधन येऊन पोहोचलं होतं.

आल्फ्रेड बिने हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९०५मध्ये थेओदोर सिमों यांच्यासोबत एक चाचणी बनवली. हेतू अगदी साधा होता, की वर्गात मागे पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना जादा मदत द्यावी. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा एक आकडा, असं बिने मानत नव्हते, उलट तसं मानणाऱ्यांवर ते चिडायचे. १९११ साली ते वारले. त्यानंतर त्यांच्या चाचणीचं अमेरिकेत जे झालं ते बघायला ते नव्हते, हे एका अर्थी बरंच झालं.

१९१६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी त्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती काढली आणि बुद्ध्यांक हा शब्द घरोघरी नेला. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची सामूहिक बुद्धिचाचणी झाली. युद्ध संपलं, पण छापील प्रश्नपत्रिका आणि झटपट तपासण्याची रीत हाताशी राहिली. डेट्रॉइट शहरानं १९२०च्या सुमारास पहिलीतल्या मुलांचीच चाचणी घेऊन तीन गट पाडले, वरचे २० टक्के, मधले ६० टक्के, खालचे २० टक्के. गटांची नावं एक्स, वाय आणि झेड. सहा वर्षांचं पोर शाळेत पाऊल ठेवतं आणि त्याला एक अक्षर चिकटतं! टर्मन यांनी १९२२मध्ये याहून पुढे जाऊन पाच मार्ग सुचवले, अतिहुशारांपासून थेट 'विशेष' मुलांपर्यंत.

विरोध झाला नाही असं नाही. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी त्याच वर्षी 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकात लेखमालाच लिहिली. एका तासाच्या कोड्यांवरून मुलाची जन्माची कुवत मोजल्याचा दावा करणं म्हणजे शास्त्राच्या नावाखाली चाललेली बेपर्वाई आहे, असा त्यांचा रोख होता. टर्मन यांनी उत्तर दिलं, पण त्यात युक्तिवादापेक्षा टवाळीच जास्त होती.

टर्मन यांच्याच बाबतीतली एक गंमत सांगतो. १९२१पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजार अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करायचं ठरवलं. निवडीसाठी तपासलेल्या आणि गुण कमी पडले म्हणून बाहेर ठेवलेल्या मुलांत दोघं होती, विल्यम शॉक्ली आणि लुईस आल्व्हारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही मिळालं नाही.

ही चाचणी आपल्याकडेही पोहोचली होती बरं का. टर्मन यांच्याच आवृत्तीवरून डॉ. वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी बसवली. बिने-कामत चाचणी या नावानं ती आपल्या मानसोपचाराच्या विभागांत पुढे कित्येक दशकं वापरली गेली. पण आपल्या शाळांनी तिच्यावरून तुकड्या पाडल्या नाहीत. आपली 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी ठरायची ती वार्षिक परीक्षेच्या गुणांवर, आणि खरं बोलायचं तर कधीकधी ओळखीवर.

परत अमेरिकेत जाऊ. ४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपल्या शाळा कमी पडल्या, अशी ओरड सुरू झाली. वर्षाच्या आत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' शब्द घालावा लागला, यावरूनच हवा कशी होती ते कळेल. या कायद्यात एक कलम होतं ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. हुशार मुलं हुडकण्यासाठी चाचण्या आणि शाळांमधले काउन्सेलर, यांसाठी केंद्राचा पैसा. हायस्कुलातला काउन्सेलर ही आज ज्याला त्याला भेटणारी असामी या पैशावर वाढली.

१९५९मध्ये आणखी एक पुस्तक गाजलं, जेम्स कोनंट यांचं अमेरिकन हायस्कुलांवरचं. हे कोनंटही हार्वर्डचे माजी प्रमुख. एलियट यांच्याच खुर्चीत बसलेल्या माणसानं ६६ वर्षांनी जवळजवळ उलट सल्ला दिला. त्यांचं म्हणणं असं, की शाळा एकच असावी पण आत विषयागणिक कुवतीनुसार वर्ग असावेत. वरच्या सुमारे १५ टक्के मुलांना कठीण गणित, विज्ञान आणि परभाषा द्याव्यात. आणि दर २५० ते ३०० मुलांमागे एक पूर्ण वेळ काउन्सेलर असावा. कोनंट यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, मूल सगळ्याच विषयांत एका डब्यात कोंबू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. शाळांनी शिफारशीचा पहिला भाग उचलला आणि हा दुसरा सोयीस्करपणे विसरल्या.

अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे ज्याला सगळे 'एपी' म्हणतात, ते मात्र स्पुटनिकच्या आधीचं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून हे काम सुरू झालं. तीन नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठं एकत्र बसली. त्यांच्या लक्षात आलं की चांगल्या शाळेत शिकलेली मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षी तेच पुन्हा शिकतात आणि कंटाळतात. मग शाळेतच कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकवा, परीक्षा घ्या, १ ते ५ गुण द्या, आणि चांगले गुण पडले तर कॉलेजनं पुढच्या वर्गात बसवावं, अशी कल्पना निघाली. १९५५मध्ये कॉलेज बोर्डानं ती ताब्यात घेतली. १९५६च्या परीक्षेला १०४ शाळांतली १,२२९ मुलं बसली होती. २०२३मध्ये हा आकडा २५ लाखांच्या पुढे गेला होता. मूठभर श्रीमंत शाळांतल्या कंटाळलेल्या मुलांसाठी काढलेली सोय आज कॉलेजप्रवेशाच्या शर्यतीतलं नाणं होऊन बसली आहे.

आता आपण या गोष्टीच्या सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी येतो. वॉशिंग्टन, राजधानीचं शहर.

१९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. वॉशिंग्टननं त्या लगेच एकत्र केल्या. आणि दोनच वर्षांनी, १९५६मध्ये, तिथले शिक्षणाधिकारी कार्ल हॅन्सन यांनी हायस्कुलांत चार मार्ग सुरू केले. सर्वांत वर ऑनर्स, मग कॉलेजला जाणाऱ्यांचा, मग सर्वसाधारण, आणि तळाशी मूलभूत. हॅन्सन दुष्ट माणूस नव्हते. शाळा एकत्र करताना त्यांनी धीर दाखवला होता, प्रत्येक मुलाला झेपेल तसं शिकवावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण मुलांना मार्ग लावायचे ते चाचण्यांवरून, आणि त्या चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना प्रमाण धरून बनलेल्या. परिणाम काय झाला असेल ते तुम्हीच ओळखा. एका इमारतीत आलेली मुलं आतल्या आत पुन्हा वेगळी झाली.

यांच्याविरुद्ध उभा राहिला ज्युलियस हॉब्सन. सरकारी नोकरीतला संख्याशास्त्र जाणणारा माणूस, आणि चळवळ्या असा की विचारू नका. गरीब वस्त्यांतल्या उंदरांकडे महापालिका लक्ष देत नाही म्हणून त्यानं उंदीर पकडून पिंजऱ्यात घातले, पिंजरे गाडीच्या टपावर ठेवून शहरात फिरवले आणि श्रीमंतांच्या जॉर्जटाउनमध्ये सोडीन अशी धमकी दिली. उंदीर मारायची मोहीम लगोलग सुरू झाली! तर हा हॉब्सन कोर्टात गेला. त्याची स्वतःची मुलगी या शाळांत शिकत होती.

निकाल आला १९ जून १९६७ला. न्यायाधीश होते स्केली राइट. शंभराहून जास्त पानांच्या या निकालपत्रात त्यांनी आधी धोरणाचीच कसोटी लावली. मार्गपद्धतीचं समर्थन काय? की मुलाची कुवत मोजून त्याला योग्य जागी ठेवलं जातं आणि प्रगती झाली की वर नेलं जातं. मग त्यांनी विचारलं, कुवत खरंच मोजली जाते का? आणि खरंच वर नेलं जातं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' निघालं. तळाच्या मार्गातून वर सरकणारी मुलं फारच थोडी होती. आणि १९६५मध्ये शाळांच्याच मानसशास्त्रज्ञांनी तळाच्या मार्गात असलेल्या किंवा जाऊ घातलेल्या १,२७२ मुलांना एकेकटं बसवून पुन्हा तपासलं, तेव्हा ८२० मुलांची तिथे जागाच नव्हती असं आढळलं. जवळजवळ दोन-तृतीयांश! ती चाचणी मुलाची उपजत बुद्धी मोजत नव्हती. त्याच्या घरात पुस्तकं किती आणि आधीच्या शाळेत शिक्षक कसे होते, हे मोजत होती. न्यायमूर्तींनी मार्गपद्धत रद्द केली. शिक्षणमंडळानं अपील करायचं नाही असं ठरवल्यावर हॅन्सन यांनी राजीनामा दिला.

निकाल मोठा होता, पण त्याचा आवाका वॉशिंग्टनपुरता. देशभर 'मार्ग' हा शब्द हळूहळू बदनाम झाला आणि शाळांनी तो टाकला. वर्ग मात्र राहिले. जीनी ओक्स यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शाळाशाळांतले हे वर्ग आतून दाखवले आहेत. वरच्या वर्गात मुलं विचार करायला शिकत होती, खालच्या वर्गात शिस्तीत बसायला आणि तक्ते भरायला. दोन वर्षांनी खालच्या वर्गातला वरच्यात कसा जाणार? त्याला जे लागतं ते शिकवलेलंच नाही.

आता लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफील्ड हायस्कुलात चला. जवळजवळ सगळी मुलं मेक्सिकन वंशाची, घरची परिस्थिती बेताची. १९७४मध्ये तिथे हाइमे एस्कालांते नावाचा शिक्षक आला. बोलिव्हियात त्यानं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं होतं, पण अमेरिकेत त्या पदव्यांना किंमत नाही म्हणून रात्रशाळेत पुन्हा शिकून तो शिक्षक झाला. वरच्या गणितात कोणाला घ्यायचं याची त्याची कसोटी एकच होती, मुलाला करायचं आहे का? त्याचा आवडता स्पॅनिश शब्द 'गानास'. आपण जिद्द म्हणू, इच्छा म्हणू. चाचणी नाही, शिफारस नाही, मागचे गुण नाहीत. बदल्यात सकाळी लवकर, संध्याकाळी उशिरा आणि शनिवारी वर्ग.

१९८२मध्ये त्याची १८ मुलं कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेला बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला. काही मुलांच्या उत्तरांतल्या चुका फारच सारख्या होत्या. १४ मुलांना पुन्हा बसा असं सांगितलं गेलं. १२ जण पुन्हा बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. त्यावर १९८८मध्ये सिनेमा निघाला, एस्कालांते देशाचा लाडका झाला.

पण सिनेमानं एक घोटाळा केला. बेरीज-वजाबाकीत अडकलेली मुलं वर्षभरात कॅल्क्युलसला पोहोचली, असं त्यात वाटतं. प्रत्यक्षात हे उभं करायला एस्कालांतेला बरीच वर्षं लागली. त्याच्या पहिल्या कॅल्क्युलसच्या वर्गातली मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग काढून त्यानं मधली गणितं भरून घेतली, खालच्या इयत्तांतल्या शिक्षकांना सोबत घेतलं, आणि पाठीशी एक खमका मुख्याध्यापक होता, हेन्री ग्रादियास. मघाशी जी साखळी सांगितली ना, आठवी ते बारावी, तीच त्यानं शेवटच्या टोकापासून मागे मागे दुरुस्त केली. १९८७मध्ये गारफील्डमधून एका वर्षात १२९ मुलं कॅल्क्युलसच्या परीक्षेला बसली. पुढे मुख्याध्यापक गेले, १९९१मध्ये स्वतः एस्कालांते गेला, आणि शाळेचा आकडा झपाट्यानं घसरला. दार एका माणसानं उघडं धरलं होतं. तो बाजूला झाला तसं ते लागलं.

मग व्यक्तीवर अवलंबून न राहता दार उघडं ठेवता येईल का? फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत नकळत एक प्रयोग झाला. तिथे बुद्धिमान मुलांच्या वर्गासाठी बुद्ध्यांक चाचणी होतीच, पण ती कोणाची घ्यायची हे शिक्षक आणि पालक सुचवायचे. ज्यांना जमेल ते पालक खासगी मानसशास्त्रज्ञाकडूनही चाचणी करून आणायचे. २००५मध्ये तिथल्या शाळांनी ठरवलं की दुसरीतल्या सगळ्याच मुलांची आधी एक छोटी चाळणी घ्यायची. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी नंतर आकडे तपासले. पात्रतेच्या नियमात काहीही बदल नसताना निवडल्या गेलेल्या काळ्या मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचं सुमारे १३० टक्क्यांनी वाढलं. ही मुलं आधीही वर्गात बसलेली होतीच. त्यांचं नाव कोणी पुढे केलं नव्हतं, एवढंच. मंदीत पैसे आटले तशी चाळणी बंद पडली आणि आकडे पुन्हा खाली आले.

उलटी वाट सॅन फ्रान्सिस्कोनं धरून पाहिली. २०१४मध्ये तिथल्या शाळांनी आठवीतलं बीजगणितच काढलं, सगळे नववीत एकत्र शिकतील म्हणजे भेदच राहणार नाही. हेतू चांगला होता, पण मला ही वाट कधी पटली नाही. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेरून ऑनलाइन बीजगणित घेतलं. आपल्या देशी कुटुंबांना तर शिकवणी काय असते हे शिकवायला लागतच नाही! २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की वरच्या गणितातली वंशावंशांमधली दरी मिटलेली नाही. २०२४मध्ये शाळामंडळानं आठवीचं बीजगणित परत आणायचं ठरवलं, आणि त्याच सुमारास शहराच्या मतदारांनीही सल्लादायी मतदानात प्रचंड बहुमतानं तोच कौल दिला.

नॉर्थ कॅरोलिनात २०१७मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी दाखवून दिलं की राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरच्या पातळीचे गुण मिळवूनही गरीब घरची अनेक मुलं वरच्या वर्गाबाहेर ठेवली जात आहेत. गुण शाळेकडे होते, कोणी पाहिले नव्हते. २०१८मध्ये कायदा झाला की जिथे वरचा गणिताचा वर्ग आहे तिथे अशा मुलाला तो द्यायलाच हवा. टेक्साससारख्या एरवी कर्मठ राज्यानं २०२३मध्ये असाच कायदा केला. पाचवीच्या राज्यपरीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेलं मूल सहावीत आपोआप वरच्या गणिताच्या वर्गात जाईल. शिक्षकाची शिफारस नको, आईनं शाळेत खेटे घालायला नकोत. वर्ग नको असेल तरच पालकांनी तसं कळवायचं.

म्हणून फोनवरच्या त्या आईला माझा सल्ला आहे की रागावण्याआधी शाळेला तीन गोष्टी विचारा. निवड कशावरून झाली, शिफारशीवरून की गुणांवरून? पुन्हा तपासणी केव्हा होते? आणि आमच्या राज्यात याचा कायदा आहे का? शेवटच्या प्रश्नावर शाळा सहसा जरा सावरून बसते.

पुढच्या भागात एसएटी परीक्षेची जन्मकथा बघू. ती बनवणारे कार्ल ब्रिघम यांनी आधी वंशावंशांच्या बुद्धीवर एक पुस्तक लिहिलं होतं, आणि १९३०मध्ये स्वतःच त्यातले निष्कर्ष मागे घेतले होते. ते कसं झालं, ते तेव्हा.